तिसरी पिन

बाबांच्या हत्यारांच्या पेटीबरोबर माझ्याकडे एक लाकडी बोर्ड आला. सागवानी, आठ इंच बाय दहा, कडा गोल केलेल्या, मागून पोकळ. दर्शनी बाजूला तपकिरी बेकलाइटचे दोन गोल स्विच, एक दोन भोकांचं सॉकेट आणि एक तीन भोकांचं. समोरून त्यात काही खोट काढता येत नाही. उलटा केला की दिसतं, तीन भोकांच्या सॉकेटचा वरचा स्क्रू कधी फिरवलेलाच नाही. बाकीच्या स्क्रूंच्या खाचा डिसमिसने झिजल्या आहेत, याची खाच कारखान्यातून आली तशी आहे. त्या भोकामागे कधी वायर नव्हती.

बोर्ड नारायण पेठेतल्या एका वाड्यातला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. मी सहा वर्षांची होते. आम्ही सदाशिव पेठेत जरा चढाला राहायचो, आमच्याकडे पाणी पोचलं नाही. बाबा वायरमन. पाणी ओसरल्यावर ज्या भिंती उभ्या राहिल्या होत्या त्यांच्यावरचं वायरिंग तपासायला ते जे बाहेर पडले, ते पुढचे कितीतरी महिने घरी फक्त जेवायला-झोपायला आले. लाकडी केसिंगचं झाकण काढलं की आत गाळ भरलेला असायचा, वाळून खापरासारखा झालेला. तो खरवडून खालची वायर पाहायची. वायरीवरचं सुती वेष्टण कुजलेलं, त्याखालचं रबर फुगून चिकट झालेलं. सगळं ओढून टाकायचं आणि नवं घालायचं.

त्या कामात हा बोर्ड उतरला. बाकीचं सामान भंगारात गेलं. हा मात्र बाबांनी घरी आणून धुतला, वाळवला आणि दुकानाच्या भिंतीवर उलटा टांगला. नवा पोरगा कामाला लागला की त्याला पहिल्या दिवशी त्याच्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, "यात काय नाही, सांग."

वीज आपल्याकडे कशी आली याची गोष्ट लोक दिव्यापासून सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, तीच पुढची बेस्ट. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९१५ साली लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खोपोलीला टाटांच्या जनित्रांवर पडू लागलं. ती वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. घरात मात्र वीज शिरली ती कंदिलाची जागा घ्यायला. पंखा बंद पडला तरी आपण आजही "लाइट गेली" म्हणतो, आणि निम्मे पैसे गिझरचे असले तरी बिल "लाइटचं"च असतं. भाषेने ती पहिली ओळख अजून सोडलेली नाही.

दिव्याला सॉकेट लागत नाही. म्हणून जुन्या वाड्यांत खोलीला एक दिवा आणि दिव्याला एक स्विच, एवढाच हिशोब असायचा. पुढे घरात इस्त्री आली, टेबलपंखा आला, रेडिओ आला, आणि प्रश्न पडला की ही लावायची कुठे. उत्तर एकच होतं, दिव्याच्या होल्डरमध्ये. अमेरिकेत हार्वे हबल यांनी १९०४ साली याच अडचणीवर पेटंट घेतलं होतं : होल्डरमध्ये एक भाग बल्बासारखा बसवायचा आणि त्यात पुढचा प्लग हवा तेव्हा घालायचा, हवा तेव्हा काढायचा. आपल्याकडच्या होल्डरमध्ये बल्ब दाबून फिरवतात, तसाच अडॅप्टरही दाबून फिरवायचा. माझ्या आजीच्या माजघरात इस्त्रीची कापडी वायर छतावरून लोंबायची. इस्त्री पुढे-मागे झाली की वरची शेड झुलायची आणि भिंतीवरच्या सावल्या हलायच्या. मला लहानपणी ते फार आवडायचं. आता आठवलं की पोटात गोळा येतो. होल्डरला वायरी दोनच, फेज आणि न्यूट्रल. तिसरी, जमिनीला जोडणारी अर्थची, आणायची म्हटली तरी तिला टेकायला जागा नाही, आणि खाली आजीच्या हातात लोखंडी इस्त्री.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्याच घरात रेडिओला मात्र अर्थ होता! जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे दोन टर्मिनलं असायची, एक एरियलचं आणि एक अर्थचं. अर्थची तार नळाला बांधली की आवाज स्वच्छ यायचा, खरखर कमी व्हायची. तेव्हा ती तार माजघरातून मोरीपर्यंत कौतुकाने ओढली जायची. तार नळाला बांधायची, हे लोकांना ठाऊक होतं. इस्त्रीसाठी ती कोणी ओढली नाही, कारण इस्त्री तिच्यावाचूनही तेवढीच तापायची.

आमच्या धंद्यात या सगळ्याला पॉइंट म्हणतात. दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, प्लग पॉइंट, पॉवर पॉइंट. बाबांच्या उमेदीच्या काळात दिवे-पंख्याचं मीटर वेगळं आणि पॉवरचं वेगळं असायचं, दरही वेगळे. त्यामुळे घरांतही दोन जाती पडल्या. दिव्याच्या बोर्डावर छोटं सॉकेट, ५ अँपिअरचं. पाणी तापवायला वगैरे मोठं, १५ अँपिअरचं, त्याला वेगळी जाड वायर मेनपासून. ही दोन्ही मापं ब्रिटिश मानकातली, बीएस ५४६ मधली. ते १९३४ साली प्रसिद्ध झालं. तीन गोल पिना, वरची जाड आणि लांब. लांबी मुद्दाम ठेवली आहे. प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतो, म्हणजे उपकरणात वीज आहे तोवर त्याचं अंग जमिनीशी बांधलेलं राहतं. बाबा पोरांना हे सांगताना प्लग हळूहळू सॉकेटात सरकवून दाखवायचे. छोट्या प्लगची अर्थची पिन आणि मोठ्या प्लगच्या खालच्या पिना जवळजवळ एकाच जाडीच्या, सात मिलिमीटरच्या. म्हणून मोठा प्लग छोट्या सॉकेटात जात नाही. ज्याने कोणी हे माप ठरवलं त्याने विचार केला होता.

पण भिंतीवर काय चालायचं? केसिंग-कॅपिंग म्हणजे दोन खोबणींची सागाची पट्टी आणि वर झाकण. एका खोबणीत फेज, दुसरीत न्यूट्रल. तिसऱ्या वायरीसाठी खोबणच नव्हती! अर्थ द्यायचा तर चौदा नंबरची उघडी तांब्याची तार पट्टीच्या बाहेरून वेगळी ओढावी लागे, आणि घरमालक म्हणायचा, रंगवलेल्या भिंतीवर ही तार कशाला? पुढे बॅटन पट्टीचं वायरिंग आलं, तेच मी शिकले. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून आधी छिन्नीने चौकोनी भोक पाडायचं, त्यात मागे रुंद आणि पुढे निमुळती लाकडी गुट्टी बसवून भोवती सिमेंट लिंपायचं, ते सुकलं की गुट्टीवर पट्टी स्क्रूने आवळायची. पट्टीवर चार-चार इंचांवर लिंक क्लिपा ठोकायच्या आणि त्यांत वायरी एकमेकींना न चिकटता, ओळीत बसवायच्या. वळणावर वायर मोडायची नाही, वळवायची. बाबांची पट्टी दोरीत असायची. सुतळीला नीळ लावून भिंतीवर रेघ उठवायचे आणि त्या रेघेवर गुट्ट्या. मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून त्या सुतळीचं दुसरं टोक धरत आले.

मी एकुलती. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचं ठरवलं तेव्हा आईला काळजी वाटली, बाबांना वाटली नाही. वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या. साइटवर गेले की आधी पाण्याचा ग्लास हातात द्यायचे आणि विचारायचे, "वायरमन कधी येणार, ताई?" मी शिडी मागायची.

१९७४ च्या पावसाळ्यात, मी शिकत असतानाच, गिरगावात माझ्या मावशीला शॉक बसला. चाळीतली खोली, भिंतीवर दोन पिनांचं सॉकेट. तिने जुना फ्रिज घेतला होता, त्याला तीन पिनांचा प्लग होता. तो भिंतीत जाईना म्हणून कोणीतरी तो कापून दोन पिनांचा लावून दिला. तिसरी हिरवी वायर उरली, ती मुडपून चिकटपट्टी मारली. दीड वर्ष फ्रिज छान चालला. मग एका सकाळी फरशी ओली, मावशी अनवाणी, आणि तिने हँडल धरलं. ते सुटेना. विजेने हाताचे स्नायू आवळतात, माणूस सोडायचं म्हणत असतो आणि मूठ ऐकत नाही. शेजारच्या काकांनी मेन ओढला म्हणून ती वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांना शेवटपर्यंत नीट संवेदना नव्हती. पोळी लाटताना ती बोटं वर उचलून धरायची.

बाबा आणि मी दुसऱ्याच दिवशी डेक्कन क्वीनने गेलो. बाबांनी फ्रिज पाहिला, भिंत पाहिली आणि एकच विचारलं, "कापलेला प्लग कुठे आहे?" तो बिलाच्या पाकिटात जपून ठेवलेला निघाला. चांगली वस्तू कशाला टाकायची म्हणून.

लोकांनी तिसरी पिन का टाळली याचा मी आयुष्यभर विचार केला आहे, आणि मला त्यांना बेफिकीर म्हणवत नाही. पहिली पिन वीज आणते, दुसरी परत नेते, त्यांचं काम रोज डोळ्यांना दिसतं. तिसरी वर्षानुवर्षं काहीच करत नाही. आतल्या मोटरची तार घासून पत्र्याला टेकते त्या एका दिवसासाठी ती असते. अर्थ नसेल तर त्या दिवशी पत्रा २३० व्होल्टवर जाऊन कोणाच्या तरी हाताची वाट पाहतो. अर्थ असेल तर प्रवाहाला जमिनीची वाट मिळते, तो एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. म्हणजे तिसऱ्या पिनेचं यश असं की त्या दिवशी घरात अंधार होतो, आणि माणूस म्हणतो, वायरमनने काम नीट केलं नाही.

इंग्लंडने हे लवकर ओळखलं. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४२ साली, युद्धानंतरच्या घरांत वायरिंग कसं असावं यावर वीस जणांची समिती बसली. तिच्यात एकच स्त्री होती, कॅरोलाइन हॅसलेट. स्त्रियांपर्यंत वीज पोचवण्यासाठी १९२४ साली तिकडे जी संघटना निघाली तिची सूत्रं त्यांच्याकडे होती. घरात रांगणारं मूल असतं आणि ते भोकात बोट किंवा सळई घालतं, हे त्यांनी समितीपुढे लावून धरलं. १९४७ च्या नव्या ब्रिटिश प्लगमध्ये ते उतरलं : सॉकेटच्या आत झडपा, आणि लांब अर्थची पिन आत गेल्याशिवाय त्या उघडत नाहीत. म्हणजे तिसरी पिन तिथे किल्ली झाली. ती कापून टाकली तर प्लग आत जाणारच नाही. मावशीच्या फ्रिजनंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयात हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. त्याच १९४७ साली इंग्रज इथून गेले आणि आपल्या भिंतींवर त्यांनी सोडून दिलेलं जुनं माप राहिलं. ते माप वाईट नाही, मी आजही तेच बसवते. पण त्यात किल्ली नव्हती.

घरं मात्र थांबली नाहीत. १९५८ साली गोदरेजचा फ्रिज आला, पुढे सुमीतचा मिक्सर, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. ही सगळी यंत्रं अशा घरांत आली जिथे बोर्ड दाराजवळ, पाच फूट उंचीवर, दिव्यासाठी लावलेला होता. ओट्यावर पॉइंट नाही, म्हणून मिक्सरची वायर दारातल्या बोर्डापर्यंत ताणलेली आणि बाई ती ओलांडत स्वयंपाक करतेय, हे मी शेकडो घरांत पाहिलं. पॉइंट कुठे हवा हे ठरवायला पुरुष यायचे. मी वहिनींना हाक मारायची आणि म्हणायची, तुम्ही कणीक कुठे मळता, पाणी कुठे सांडतं, ते दाखवा.

त्याच काळात तांबं दुर्मिळ झालं. ते बहुतांशी आयात, आणि देशाकडे परकीय चलन नाही, म्हणून घरांच्या वायरिंगला अ‍ॅल्युमिनियम आलं. सत्तरच्या दशकातली अर्धी सोसायटी उघडली तर आत तेच निघतं. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू चपटं होतं, हवेने त्यावर थर धरतो, जोड सैल होतो, तापतो. सॉकेटच्या मागे बेकलाइट काळं पडायला लागतं. पुढे पांढऱ्या प्लास्टिकची सॉकेटं आली, ती तापली की मासळीसारखा वास येतो. एका घरी दोन दिवस मेलेली पाल शोधत होते. मी बोर्ड उघडला तर मागचं अर्धं सॉकेट वितळलं होतं. असा वास आला तर आधी बोर्डाला हात लावून पाहा, गरम लागला तर लगेच मेन बंद करा. हे मी भेटेल त्याला सांगते.

बाबांचा आणि माझा आयुष्यात एकच खरा वाद झाला, तो अर्थिंगवरून. त्यांची तपासायची पद्धत सगळ्या जुन्या वायरमनांची होती. होल्डरला दोन वायरी, त्यात शंभरचा बल्ब. एक टोक फेजला, एक अर्थला. बल्ब लख्ख पेटला की अर्थ चांगला. वाड्यांत अर्थ घ्यायचा तो नळाच्या लोखंडी पाइपवरून, आणि शहरभर जमिनीखाली पसरलेल्या त्या पाइपांवर बल्ब नेहमी लख्खच पेटायचा. पण कोथरूड, कर्वेनगरला नवी घरं झाली, तिथे खड्डा खणून अर्थ घ्यायचा. दोन फूट बाय दोन फूट पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ. पुण्याची जमीन तुम्हाला माहीत आहे : वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात ती खडखडीत वाळते. अशा खड्ड्याचा रोध मी कॉलेजातून मागून आणलेल्या मीटरने मोजला, तो २० ओहम भरला. बाबांनी बल्ब लावला, तो लख्ख पेटला. "बघ," ते म्हणाले.

मी वहीत मांडून दाखवलं. बल्बाचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या पुढे. त्यात आणखी वीस आले तर बल्बाला कळणारही नाही, तो पेटेलच. पण गिझरची तार पत्र्याला टेकली तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. किटकॅट फ्यूजमध्ये १५ अँपिअरची तार. ती उडणार नाही. गिझर तापत राहील, पत्र्यावर वीज राहील, आणि बल्ब लावून पाहिलं तर अर्थ चांगलाच दिसेल. बाबा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी आजपर्यंत जे तपासलं ते?" मी म्हटलं, वाड्यांतलं सगळं बरोबर होतं, नळ होते ना. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पैशाने अर्थचा मीटर घेतला. तो त्या वेळी स्वस्त नव्हता. आणि आधीच्या चार-पाच वर्षांत बांधलेल्या घरांची यादी काढून आम्ही दर रविवारी एकेका घरी जाऊन खड्डे मोजले, कुठे दुसरा खड्डा जोडला, कुठे पाणी घालायला पाइप बसवला. पैसे मागितले नाहीत.

नळांचंही पुढे बिनसलं. लोखंडी पाइप गंजले आणि प्लंबरने त्यांच्या जागी प्लास्टिकचे टाकले. त्याने त्याचं काम चोख केलं. पण त्या वाड्याचा अर्थ त्या दिवशी नाहीसा झाला, आणि विजेच्या एकाही वायरीला कोणी हात लावला नव्हता. तुमचं घर जुनं असेल आणि नळ बदलले असतील, तर हे एकदा तपासून घ्या, एवढं मी कळकळीने सांगते.

१९८८ साली आपल्या मानकाची, आयएस १२९३ ची, नवी आवृत्ती आली आणि ५-१५ चे ६-१६ झाले. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत अजून पाच-पंधराच म्हणतात. २००३ च्या आदेशाने वायरी, स्विच यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या गल्लीत पूर्वी वजनावर मिळणारा बिनचिन्हाचा माल हळूहळू मागच्या फळ्यांवर गेला. नव्वदच्या दशकापासून मॉड्युलर प्लेटी आल्या, भोकांत झडपांसकट. हॅसलेटबाईंनी मागितलेली गोष्ट माझ्या हाताने एका बाळाच्या खोलीत बसवताना मला काय वाटलं ते मी त्या घरच्यांना सांगितलं नाही, उगाच वेळ लागला असता.

पण त्याच काळातल्या एका नव्याकोऱ्या इमारतीत मी गिझर बसवायला गेले होते. देखणी प्लेट, तीन भोकं, भिंतीत लपवलेले पाइप. उघडलं तर हिरवी वायर बोटभर बाहेर, कापून आत दुमडलेली. शेजारच्या फ्लॅटात तसंच. खाली मीटरच्या खोलीत गेले तर खड्ड्यापर्यंत जाणारी पट्टीच नव्हती. बांधणाऱ्याने प्रत्येक घरात हिरवी वायर घातली होती, ती कुठेच पोचत नव्हती. मी घरी येऊन बाबांचा बोर्ड भिंतीवरून काढला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेत टेबलावर उलटा ठेवला. लोकांनी तो हातात घेऊन पाहिला. पट्टी पुढच्या पंधरा दिवसांत आली.

आता माझा भर आरसीसीबीवर असतो. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह एकसारखा तोलत असते. ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या तेहतिसाव्या हिश्शाचा फरक पडला की क्षणात तोडते. कुठून गळती झाली, पत्र्यातून की माणसातून, तिला फरक पडत नाही. खडकातला वीस ओहमचा खड्डाही तिला पुरतो. म्हणून काही पोरं म्हणतात, मग खड्डा कशाला? अर्थ असेल तर माणसाने हात लावायच्या आधीच ती तुटते. अर्थ नसेल तर ती तुटायला कोणाचा तरी हात लागतो. मला तो हात नको आहे.

गेल्या मार्चमध्ये एरंडवण्यात एका निवृत्त शिक्षिका काकूंचं घर केलं. ऐंशी पार, एकट्या राहतात, घर १९७८ चं. अ‍ॅल्युमिनियम सगळं ओढून काढलं. दिव्यांना दीडची, पॉवरला अडीचची, एसीला चारची तांब्याची वायर. पलंगाशेजारचा पॉइंट कमरेच्या उंचीवर घेतला, त्यांना वाकवत नाही. ओट्यावर तीन सोळाचे, शेगडी आणि नळापासून दूर. एक्स्टेन्शन बोर्ड चार होते, ते चारही त्यांच्यासमोर पिशवीत भरले. आवारात खड्डा नवा केला. जुना मोजला तेव्हा ३८ ओहम, नवा आणि जुना जोडून ३.२.

शेवटी मीटरने सगळं तपासून झाल्यावर, आरसीसीबीचं बटण दाबून पाहिल्यावर, मी बाबांच्या पेटीतला होल्डर काढला. शंभरचा बल्ब आता सहज मिळत नाही, मी काही जपून ठेवले आहेत. एक टोक फेजला लावलं, दुसरं तिसऱ्या भोकात. बल्ब पेटलासा वाटला तोवर खट्‌कन आवाज झाला आणि घरभर अंधार.

काकू आतून म्हणाल्या, "अगं, लाइट गेली का?"

"हो काकू," मी म्हटलं, "गेली."